कार्बोरेटर रिपेअर किट, चार महिने वापरून: रबर घ्या, पितळ डबीत ठेवा

जुनी दुचाकी स्वतः खोलून बसणाऱ्यांसाठी लिहितोय. ऑनलाइन मागवलेलं कार्बोरेटरचं, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाचं, रिपेअर किट मी गेले चार महिने वापरतोय, म्हणजे खरं तर अर्धंच वापरतोय, उरलेलं अर्धं एका डबीत पडलंय, आणि ते डबीत का गेलं तेच सांगायचंय. कंपनी कुठली ते विचारू नका, पाकिटावर धड नावच नव्हतं, नुसती गाड्यांच्या मॉडेलची ही लांबलचक यादी आणि एक बारकोड. असली किटं डझनभर नावांनी विकतात आणि आतला माल दिसायला सगळा एकाच साच्यातला.

गाडी सिंगल सिलिंडर, चार स्ट्रोक, १९८६ची. कार्बोरेटर साधा स्लाइडवाला, केबल ओढली की स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता दट्ट्या) वर, डायफ्रामची भानगड नाही. तक्रारी दोन होत्या. एक म्हणजे रात्रभर उभी राहिली की सकाळी खाली पेट्रोलचा डाग, फार मोठा नाही, पण वास यायचा आणि घरचे रोज ऐकवायचे. दुसरी तक्रार जास्त छळणारी, गाडी गरम झाली की आयडलिंग आपोआप चढायचं, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायला तीन-चार सेकंद घ्यायची, सिग्नलला उभं राहिलं की आजूबाजूचे वळून बघायचे की हा माणूस उगाच रेस का करतोय. आयडलचा स्क्रू फिरवून खाली आणावं तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर बंद पडायची. ज्यांनी जुनी गाडी वापरलीय त्यांना हा उंदीर-मांजराचा खेळ माहितीय.

रेस अशी लटकून राहते तेव्हा बहुतेक वेळा कुठून तरी जास्तीची हवा आत जात असते. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीचं, रबर आधी तपासलं, इंजिन चालू ठेवून जोडावर थोडं पाणी फवारलं, रेसमध्ये काही फरक नाही. म्हणजे कार्बोरेटर खोलणं आलं, आणि खोलायचाच आहे तर किटच मागवू म्हणलं, वेगवेगळे पार्ट शोधत कोण बसतंय. ओरिजिनल दोन जेटच्या पैशात हे अख्खं किट येत होतं, तिथेच खरं तर डोक्यात घंटा वाजायला हवी होती पण नाही वाजली.

पाकिटात काय आलं तर मेन जेट, पायलट जेट (जेट म्हणजे मोजून पेट्रोल सोडणारं पितळी भोक), नीडल म्हणजे स्लाइडबरोबर वर-खाली होणारी सुई, ती ज्यात फिरते तो नीडल जेट, फ्लोटचा वॉल्व्ह म्हणजे तरंगता फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारा, मिक्श्चर स्क्रू त्याच्या स्प्रिंग-वायसर-ओ-रिंगसकट, वाटीचं, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या भांड्याचं, गॅस्केट, आणि दोन बारक्या ओ-रिंगा ज्या कुठे बसतात ते मला अजून कळलेलं नाही. सूचनांचा कागद वगैरे काही नाही. पितळ मात्र असं चकाचक की जुन्या काळ्या पडलेल्या जेटांची लाजच वाटावी. मी तिथेच फसलो.

किटवर बोलायच्या आधी एक गोष्ट, कारण याच्याशिवाय किट हातात असून उपयोग नाही. वाटीचे चार स्क्रू. जपानी घडणीच्या जुन्या गाड्यांवर जे फुलीचे स्क्रू असतात ते जेआयएस (जपानी मानक) पद्धतीचे, फिलिप्स नव्हेत. दिसायला भाऊ-भाऊ वाटतात, पण फिलिप्सचं टोक त्या खाचेत बुडापर्यंत बसतच नाही, जोर लावला की वर उचलून घसरतं आणि दोन वेळा घसरलं की फुलीचा झाला गोल. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला तर जेआयएसचाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. माझ्या चारपैकी एक स्क्रू आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेला, तो मागच्या बाजूने हलके हातोडीचे ठोके देऊन आणि शेवटी पकडीने धरून निघाला, त्यात एक संध्याकाळ गेली. मग चारही जागी ॲलनचे बोल्ट टाकले. दिसायला ओरिजिनल नाही, पण रस्त्याच्या कडेला खोलायची वेळ आली तर खिशातली एक ॲलन की पुरते.

वाटी उघडली तर आत विशेष घाण नव्हती, तळाला जरा भुरकट गाळ आणि एका कोपऱ्यात हिरवट खपली. मिक्श्चर स्क्रू काढायच्या आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून फेरे मोजले, पावणेदोन निघाले, ते लगेच वहीत लिहिलं. (लिहा. लक्षात राहील असं वाटतं पण राहत नाही.) माझ्या कार्बोरेटरला हा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे तो पेट्रोलवर कंट्रोल ठेवतो, बाहेर काढला की मिश्रण दाट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, तिथे बाहेर काढला की उलट पातळ होतं. आपला कुठला ते न बघता फिरवत बसलात तर दिवसभर गोल गोल.

तर तो स्क्रू बाहेर आला, मागोमाग स्प्रिंग आली, वायसर आलं, आणि ओ-रिंग आलीच नाही. टॉर्च मारून बघितलं तर भोकाच्या बुडाशी काळी चकती चिकटलेली. वाकवलेल्या टाचणीने हळूहळू उकरली, अखंड निघाली नाही, दोन तुकडे झाले, हातात घेतली तर रबर नव्हतंच ते, नखाने दाबलं की कडकन मोडत होतं. गोल असायला हवी ती ओ-रिंग पार चपटी झालेली, कितीतरी वर्षं तिथून हवा आत ओढली जात असणार. ही ओ-रिंग सुटी विकत घ्यायला गेलं तर आकार मोजा, चार दुकानं फिरा, आणि इथे किटमध्ये ती आयती होती. एवढ्यापुरते पैसे वसूल झाले असं मी आजही म्हणतो. बसवताना क्रम चुकवू नका, आधी स्प्रिंग, मग वायसर, मग ओ-रिंग. वायसर मध्ये नसलं तर स्प्रिंग ओ-रिंगला चावून टाकते.

मग मी शहाणपणा केला. नवीन आहे तर सगळंच नवीन टाकू. दोन्ही जेट, नीडल, नीडल जेट, वॉल्व्ह, सगळं जुनं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकलं, आणि पिशवी फेकली नाही ही त्या दिवशीची एकमेव अक्कल.

पहिल्या किकला चालू! आयडलिंग एकदम ठाम, गरम झाल्यावर रेस चढत नाही, सोडली की पटकन खाली. मी खूश, एक चक्कर मारून आलो, गल्लीत कसली भारी पळाली. दुसऱ्या दिवशी जरा लांब गेलो तेव्हा खरं काय ते कळलं. पाव थ्रॉटलवर, म्हणजे गावातल्या गावात आपण जिथे सगळा वेळ असतो तिथेच, गाडी जड वाटत होती, घशात काहीतरी अडकल्यासारखी गुरगुरत चालायची. पूर्ण थ्रॉटल दिला की एकदम मोकळी. परत पाववर आणली की परत गुरगुर. टाकी नेहमीपेक्षा लवकर रिझर्व्हला आली, आणि प्लग काढून बघितला तर काळा मखमली, बोटाला काजळी लागत होती. मिश्रण दाट झाल्याची याहून ढळढळीत खूण नाही.

कार्बोरेटरमध्ये प्रत्येक पार्टाचा एक इलाका असतो. बंद थ्रॉटलपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेटचं राज्य, मग पावपर्यंत स्लाइडचा कापलेला भाग आणि नीडलचा सरळ दांडा, पाव ते पाऊण नीडलचा निमुळता भाग, आणि त्यापुढे मेन जेट. इलाके एकमेकांत थोडे घुसतात, पण गाडी कुठे रडते ते कळलं की कुणाला धरायचं ते कळतं. थ्रॉटलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या बॉडीवर कागदी टेपचा एकेक तुकडा लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा पेनाने केल्या, नाहीतर चालवताना आपला अंदाज हमखास चुकतो, मला जो अर्धा वाटायचा तो निघाला पावच्या जरा पुढे.

आधी नीडलची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत टाकली, म्हणजे नीडल खाली बसते आणि मिश्रण पातळ होतं. अर्ध्या थ्रॉटलला फरक पडला, पावच्या आसपास नाहीच. तिथे क्लिपचा जोर फारसा चालत नाही, तिथे नीडलच्या सरळ दांड्याची जाडी बोलते. म्हणजे जाडी मोजायला हवी.

शेजारी एक काका राहतात, पूर्ण नोकरी टूलरूममध्ये गेलेली. त्यांच्याकडे गेलो, म्हणलं काका जरा मायक्रोमीटर देता का. "देतो, पण मोजणार मी," म्हणाले, "तू स्क्रू पिळल्यासारखा पिळशील." दोन्ही नीडल त्यांनी स्वच्छ फडक्याने पुसल्या, खिडकीशी जाऊन मोजल्या. जुनी २.५० मिलिमीटर. नवीन २.४५. मला वाटलं एवढंसं तर आहे, अर्ध्या दशांशाने काय होतंय. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच बसलो, मग पाकिटाच्या मागे आकडेमोड करून दाखवली. नीडल जेटचं भोक २.६० धरा. पेट्रोल जातं ते भोक आणि दांडा यांच्यामधल्या बारीक कड्यातून. जुन्या नीडलला त्या कड्याचं क्षेत्रफळ ०.४० चौरस मिलिमीटर येतं, नवीनला ०.५९ च्या वर. म्हणजे पाच शतांश मिलिमीटरच्या फरकाने पेट्रोलची वाट जवळजवळ दीडपट झाली! गाडी गुरगुरणार नाही तर काय करणार.

"आणि जुनी काढलीस कशाला मुळात?" काका म्हणाले. "काळी पडली होती म्हणून." "काळी पडली म्हणजे झिजली का?" यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग जेट पण भिंगाखाली घेतले. पायलट जेट दोन्ही ३८ नंबरचे, शिक्का सारखाच. पण जुन्याच्या अंगावर हवेची बारीक भोकं चार ओळीत आणि नवीनच्या दोनच ओळीत. पेट्रोलमध्ये हवा कशी मिसळते ते या भोकांवर ठरतं, त्यामुळे वरचा नंबर सारखा असून भागत नाही. नंबरांचं पण एकसारखं नाही, केहिन या जपानी कार्बोरेटर कंपनीच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात, ३८ म्हणजे ०.३८, आणि मिकुनी या दुसऱ्या जपानी कंपनीच्या मोठ्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा म्हणजे ठरावीक वेळात किती पेट्रोल वाहतं त्याचा. दोघांचा १०० नंबर एक नाही. आणि ज्या किटवाल्याच्या पाकिटावर नावच नाही त्याचा ३८ नेमका कुठल्या हिशोबाचा ते देवालाच ठाऊक.

तर मग सगळं जुनं पितळ परत आत. यावेळी एकेक करून, आधी नुसती नीडल आणि नीडल जेट, चालवून बघितलं, गुरगुर गेली. मग पायलट जेट, त्याने आयडलवरून उचलताना जो बारीकसा गचका होता तो गेला. मेन जेट शेवटी, त्याचा मला काही फरक जाणवला नाही पण आता विश्वासच उडालेला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारली कशाने आणि बिघडली कशाने कधीच कळत नाही, हे मी दरवेळी नव्याने शिकतो.

जुने जेट साफ करायला फार काही लागत नाही. क्लीनरमध्ये रात्रभर बुडवायचे, सकाळी फुंकायचे, आणि पायलट जेटच्या भोकातून मऊ तांब्याच्या वायरची एक तार फिरवायची, तीही भोकापेक्षा बारीक. टाचणी, सुई, ड्रिलचं पातं असलं काही आत घालू नका, पितळ मऊ, भोक मोठं झालं की तो जेट गेला. उजेडाकडे धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे, कडेला केसभर सावली दिसली तरी अजून कचरा आहे समजा. स्प्रे मारणार असाल तर आधी सगळं रबर काढा आणि चष्मा घाला, एका भोकात मारला की भलत्याच भोकातून सरळ डोळ्यात येतो, अनुभव आहे.

एक मात्र खरं, जुनं पितळ कधीच बदलायचं नाही असं नाही. नीडल वर्षानुवर्षं थरथरत जेटला घासते, त्याने भोक लांबट होतं आणि नीडलवर एका बाजूला चमकता पट्टा दिसतो. तसं असेल तर बदलाच, पण मूळ बनवणाऱ्याचा पार्ट शोधून. आता केहिन वेगळी कंपनी म्हणून राहिली नाही, २०२१ मध्ये हिताची ॲस्टेमोमध्ये विलीन झाली, तरी पार्ट नंबर टाकून शोधलं की जेट मिळतात.

फ्लोट वॉल्व्हचं प्रकरण मधलं. टोकाचं रबर नवीन आणि छान, जुन्याच्या टोकावर गोल चर पडलेला नखाला लागत होता, तेव्हा हा बदलणं भागच होतं. पण नवीन वॉल्व्हची मागची स्प्रिंगवाली पिन जुन्यापेक्षा उंच होती, जवळपास एक मिलिमीटर. तसाच टाकला तर फ्लोट लवकर वर दाबतो, वाटीत पेट्रोल कमी भरतं आणि गाडी वरच्या स्पीडला उपाशी राहते. माझ्या मॅन्युअलमध्ये फ्लोटची उंची १४ मिलिमीटर दिलीय. कार्बोरेटर तिरका धरून, फ्लोटची जीभ पिनला नुसती टेकेल पण स्प्रिंग दबणार नाही अशा जागी मोजायची. मला १५ मिळत होती, जीभ किंचित वाकवून १४ वर आणली. नंतर वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वर धरली आणि पेट्रोलची पातळी प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितली, मगच समाधान. वॉल्व्ह पकडतो का ते बघायला कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकायचं, हवा अजिबात जाता कामा नये. सुलटा केला की जायला हवी.

वाटीचं गॅस्केट उत्तम, नीट खाचेत बसलं. जुनं काढलं आणि परत बसवायला गेलं की ते खाचेपेक्षा लांब झालेलं असतं, पेट्रोल पिऊन फुगतं, ओढून-ताणून बसवू नका, एक दिवस उघड्यावर सुकू दिलं की बरंचसं पूर्ववत येतं. किटचं गॅस्केट चार महिन्यांत दोनदा काढलं, थोडंसंच फुगलं होतं, लगेच परत बसलं. इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबरांना सोसत नाही, म्हणून किट घेताना रबर व्हायटॉनचं असं लिहिलेलं असेल तर ते बघून घ्या. माझ्यावर लिहिलेलं नव्हतं.

हे सगळं झालं, गाडी मस्त पळायला लागली, आणि सकाळी बघतो तर खाली पेट्रोलचा डाग. तोच, तिथेच. मी आधी किटच्या वॉल्व्हला शिव्या घातल्या, परत खोलला, परत फुंकून बघितला, वॉल्व्ह निर्दोष. शेवटी वाटी काढली, रिकाम्या डब्याच्या काठावर वर्तमानपत्र ठेवून त्यावर ठेवली आणि आत पेट्रोल ओतलं, ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) पितळी नळीच्या तोंडापेक्षा बरंच खाली राहील एवढंच. दोन मिनिटांत नळीच्या बुडाखाली कागदावर ओला ठिपका. म्हणजे पेट्रोल नळीच्या तोंडातून नाही, नळीच्या अंगातून जात होतं. भिंग लावलं तर बुडाशी उभी, केसाएवढी चीर. तीन तास फ्लोटची उंची जुळवली, किटवाल्याच्या नावाने बोटं मोडली, आणि दोष चाळीस वर्षांच्या नळीचा! वाटी पूर्ण सुकवली, दोन दिवस तशीच ठेवली, मग विजेच्या सोल्डरिंगने चीर भरली, आसपास पेट्रोलचा थेंबही नव्हता याची खात्री करून. डाग बंद. हा पार्ट कुठल्याच किटमध्ये येत नाही.

तेव्हा रिव्ह्यू असा. रबर आणि मिक्श्चर स्क्रूचा सेट यासाठी पाचपैकी साडेचार. फ्लोट वॉल्व्हला तीन, उंची मोजायची तयारी असेल तरच. जेट आणि नीडलला शून्य द्यावंसं वाटतं पण एक देतो, कारण मिक्श्चर, इलाके, मायक्रोमीटर हे सगळं त्यांच्या कृपेने शिकलो. नुसतं गॅस्केट आणि ओ-रिंगचं पाकीट मिळत असेल तर तेच घ्या. नाही मिळालं तर हे घ्या, पण जुनं पितळ भंगारात जाऊ देऊ नका.

परवा सव्वाशे किलोमीटर एका दमात मारून आलो, पाव थ्रॉटलवर लोण्यासारखी चालली, प्लग काढला तर फिका तपकिरी. आता पेट्रोल कॉकच्या पॅकिंगमधून थेंब दिसायला लागलाय. त्याचंही किट मिळतं, बघितलं मी, त्यात चार रबरं आहेत आणि पितळ एकही नाही, मागवलंय.